दिवस उलटे मोज

पत्र, थोडक्यात: मॅडम, माझं वय २४, लग्नाला तेरा महिने झाले. सासर दोंडाईचाजवळच्या खेड्यात. मिस्टर सुरतला, उधन्यात डाइंग मिलमध्ये कामाला आहेत. महिन्यातून एक-दोनदा शनिवारी येतात, रविवारी रात्रीच्या गाडीने परत जातात. चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं मोबाइलवर वाचलं, म्हणून तीन महिने त्यांना त्याच सुमारास बोलावून घेतलं. एकदा त्यांचा खाडाही पडला. तरी काही नाही. माझ्या पाळ्या ४ फेब्रुवारी, १० मार्च, १२ एप्रिल आणि १८ मे. आता १५ जूनला यायला हवी होती, आली नाही. छाती दुखते, मळमळतं, कंबर भरून येते. १६ तारखेला किट आणून टेस्ट केली तर एकच रेघ. अर्ध्या तासाने पाहिलं तर दुसरी पुसट दिसली. शेजारच्या वहिनी म्हणतात, दिवस गेले. सासूबाई रोज विचारतात. त्या असंही म्हणतात की मुलगा हवा असेल तर सम दिवस पाळायचे. खरं काय ते सांगा. मला तुमच्या मुलीसारखी समजा.
एक वाचक, १७ जून २०२५

मुलीसारखी समजा म्हणालीस, म्हणून तुला 'तू'च म्हणते. ज्यासाठी तुझा जीव टांगणीला लागलाय ते आधी सांगते. तुझी पाळी अजून चुकलेली नाही. १५ जून ही तारीख तुझी नव्हतीच. ती मोबाइलने अठ्ठावीस दिवस धरून काढलेली तारीख होती, आणि तुझं चक्र अठ्ठावीस दिवसांचं नाही.

तू चार तारखा नीट लिहून पाठवल्यास हे फार चांगलं केलंस. 'शेवटची पाळी कधी आली होती?' असं मी विचारलं की बहुतेक जणी 'आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी', 'कापूस वेचणी चालू होती तेव्हा' असं सांगतात. मग आम्ही दोघी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवून बोटांवर मोजत बसतो. तुझ्या तारखा मी कागदावर मांडल्या. ४ फेब्रुवारी ते १० मार्च, ३४ दिवस. १० मार्च ते १२ एप्रिल, ३३ दिवस. १२ एप्रिल ते १८ मे, ३६ दिवस. म्हणजे तुझी पाळी ३३ ते ३६ दिवसांनी येते. त्या हिशोबाने १८ मेनंतरची पाळी २० ते २३ जूनच्या दरम्यान यायची. मी हे १९ जूनला लिहितेय. आजही तुझी तारीख उलटलेली नाही.

आता त्या चौदाव्या दिवसाबद्दल. या एका आकड्याने किती घरांत रडारड झाली ते मी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाळी सुरू झाल्यावर अंडाशयात एक बीज पिकायला लागतं. ते पिकायला किती दिवस लागतील हे प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि एकाच बाईचंही दर महिन्याला सारखं नसतं. ताप आला, जागरण झालं, घरात ताण असला, वजन झपाट्याने वाढलं किंवा उतरलं, तर बीज उशिरा पिकतं. पण एकदा बीज सुटलं की पुढची पाळी यायला साधारण चौदाच दिवस लागतात. कुणाला बारा, कुणाला सोळा, पण हा भाग फारसा हलत नाही. म्हणजे चक्र लांबतं ते पहिल्या अर्ध्यात, दुसऱ्या अर्ध्यात नाही. ओगिनो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९२४ साली हेच दाखवून दिलं होतं: बीज सुटण्याचा दिवस येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचा, गेलेल्या पाळीपासून पुढे नाही. ज्यांचं चक्र बरोबर अठ्ठावीस दिवसांचं असतं त्यांना दोन्हीकडून मोजलं तरी चौदाच येतात. सगळा घोळ तिथून झालाय. त्या बायकांचा आकडा सगळ्यांच्या माथी मारला गेला.

तुझ्यासाठी ते मागे मोजून पाहिलं. १२ एप्रिलला पाळी आली, म्हणजे बीज सुटलं असेल २९ मार्चच्या आसपास. तू नवऱ्याला बोलावलंस चौदाव्या दिवशी, म्हणजे २३ मार्चला. तो शनिवारी २२ला आला, रविवारी २३ला रात्री गेला. फेब्रुवारीत बीज सुटलं असेल २४च्या सुमारास आणि तो येऊन गेला १६ला. एप्रिलच्या चक्रात तो २६-२७ला आला, आणि तुझं बीज ४ मेच्या आसपास सुटलं असणार. त्या वेळी तू कुठे होतीस? यंदा आखाजी ३० एप्रिलला होती. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण लग्नानंतरची पहिली-दुसरी आखाजी म्हणजे खान्देशातली लेक माहेरीच असणार. झोके बांधलेले असणार, गौराईची गाणी चालू असणार. तू आठ दिवस राहून आली असशील तर ते नेमके तेच दिवस होते.

तर तीन महिने तुम्ही दोघांनी धडपड केलीत, त्याने मजुरी बुडवली, आणि तिन्ही वेळा तो काही दिवस आधी येऊन गेला. तुझ्यात काही कमी आहे असं यातून कुठेच दिसत नाही.

काही दिवस आधी आला तरी चालतं का? चालतं, पण त्याला मर्यादा आहे. सुटलेलं बीज बारा ते चोवीस तासच टिकतं. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून दिवस राहण्याचा काळ म्हणजे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं. या सहा दिवसांच्या बाहेर एकीलाही दिवस राहिले नाहीत. त्यातही बीज सुटण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यांत चांगले. बीज सुटल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शुक्रजंतू आधीच बीजनळीत जाऊन थांबलेले बरे. मार्चमध्ये २३ला संबंध आला आणि बीज सुटलं २९ला धरलं, तर सहा दिवसांचं अंतर पडलं. एका दिवसाने हुकलं म्हण.

हे सगळं हिशोबाने काढलेलं आहे, आणि शरीर तारीख पाहून चालत नाही. म्हणून कॅलेंडरच्या जोडीला अंगाकडे लक्ष दे. तू पत्राच्या शेवटी 'मध्येच अंगावर पांढरं जातं, अशक्तपणा असेल का' असं विचारलंयस. हे पांढरं नीट पाहिलंस का कधी? पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं असतं. मग जरा चिकट, दुधाळ. आणि बीज सुटायच्या आधी दोन-चार दिवस ते एकदम बदलतं, पातळ, पारदर्शक, बुळबुळीत होतं. दोन बोटांत धरून ताणलं तर तुटत नाही. भेंडी चिरताना सुरीला जशी तार येते, अगदी तशी. हा अशक्तपणा नाही की आजार नाही. शुक्रजंतूंना वर जायला शरीराने केलेली ती वाट आहे. ही तार दिसली की ते दिवस सुरू झाले असं समज. तार जाऊन पुन्हा घट्ट, कोरडं झालं की बीज सुटून गेलं. हे पाहायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, कुणाला सांगावंही लागत नाही. खाज असेल, दह्यासारखं घट्ट जात असेल किंवा वास येत असेल तर मात्र तो जंतुसंसर्ग, त्याला औषध घ्यायचं.

कुणाकुणाला त्या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला कळ येते, तासा-दोन तासांत थांबते. तीही खूण आहे, पण सगळ्यांना येत नाही.

सकाळी उठायच्या आधी थर्मामीटर लावून अंगाचं तापमान लिहायची एक पद्धत आहे. बीज सुटल्यावर ते जरासं, अर्ध्या डिग्री सेल्सिअसच्या आत, वाढतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. पण ही पद्धत तुला मी सांगणार नाही. बीज सुटून गेल्यावर ती सांगते, आणि त्याचा तुला काय उपयोग? शिवाय रोज एकाच वेळी, सलग झोपेतून उठून मोजायला हवं. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री अंगणात तळमळत काढायच्या आणि पहाटे नळाला पाणी आलं की उठून पळायचं. त्यात ते जमत नाही. मेडिकलमध्ये बीज सुटण्याच्या टेस्टची किटं मिळतात, त्यांचा मात्र तुमच्यासारख्या लांब राहणाऱ्या जोडप्याला उपयोग होतो. लघवीत एक हार्मोन अचानक वाढतं ते त्यात दिसतं, आणि त्यानंतर दीड दिवसाच्या आत बहुधा बीज सुटतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली की सुरतला फोन कर, रात्रीच्या गाडीने तो सकाळपर्यंत पोचतो. तुझ्या चक्रात पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून रोज एक, दुपारनंतर. पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास) असलेल्यांना ही टेस्ट फसवते, हे लक्षात ठेव.

आता या महिन्याकडे येते. २० ते २३ जून ही पाळीची तारीख धरली तर बीज ६ ते ९ जूनच्या दरम्यान सुटलं असणार. तू लिहिलंयस की ३१ मेला, तुझ्या चौदाव्या दिवशी, त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून तू दोन दिवस जेवली नाहीस. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस की पेरणीआधी शेत तयार करायला तो ५ ते ९ जून घरी होता. पोरी, महिना वाया गेला असं समजून तू डोळे पुसत होतीस आणि तुझे खरे दिवस तेच होते. दिवस राहिलेत असं मी म्हणत नाही. सगळं ठीक असलेल्या, बरोबर वेळ साधणाऱ्या जोडप्यातही एका महिन्यात चार-पाच जणींतल्या एखादीलाच दिवस राहतात. पण या महिन्यात शक्यता होती, आधीच्या तीन महिन्यांत जवळजवळ नव्हती.

मग छाती दुखणं, मळमळ, कंबर? यावर मी तुला खोटी आशा देणार नाही. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. ते दर महिन्याला वाढतं, दिवस राहिले तरी आणि नाही राहिले तरी. छाती जड होणं, कंबर भरून येणं, थकवा, पोट फुगणं, चिडचिड, रडू येणं, जेवणावरची वासना उडणं, हे सगळं त्याचंच काम. पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात दिवस राहिलेली बाई आणि न राहिलेली बाई शेजारी शेजारी बसवली तर मला नुसतं पाहून ओळखता येणार नाही, आणि त्या दोघींनाही आतून ओळखता येणार नाही. गरोदरपणाची खरी मळमळ, सकाळच्या कोरड्या उलट्या, फोडणीचा वास नको होणं, हे बहुतेक वेळा पाळी चुकल्यावर एक-दोन आठवड्यांनी सुरू होतं. वारंवार लघवीला जाणंही त्याच सुमारास. शेजारच्या वहिनींचा अनुभव असेल, प्रेमही असेल, पण १६ जूनला तुझ्या मळमळीवरून दिवस गेलेत हे कुणीच सांगू शकत नाही.

टेस्टचंही तसंच. बीज फळलं तरी ते लगेच रुजत नाही. नळीतून गर्भपिशवीत उतरून रुजायला बहुतेक वेळा आठ ते दहा दिवस लागतात. रुजल्यावरच एचसीजी हे हार्मोन तयार व्हायला लागतं, आणि किट तेच शोधतं. तुझं बीज ६ ते ९ जूनला सुटलं असेल तर १६ला ते जेमतेम रुजत असेल किंवा रुजलंही नसेल. त्या दिवशी दोन रेघा येण्यासारखी परिस्थितीच नव्हती. म्हणून ती एक रेघ 'नाही' म्हणून वाचू नकोस. आणि अर्ध्या तासाने दिसलेली पुसट रेघ 'हो' म्हणूनही वाचू नकोस. किटवर जेवढी मिनिटं छापलेली असतात तेवढ्यातच बघायचं, साधारण पाच. त्यानंतर लघवी सुकते आणि करडी, रंग नसलेली रेघ उमटते. तिला काही अर्थ नाही. मी अशा सुकलेल्या पट्ट्या रुमालात बांधून आणलेल्या पाहिल्यात. एक बाई आठ दिवसांची जुनी पट्टी घेऊन आली होती, सासूला दाखवून आली होती, ओटीची तयारी सुरू झाली होती. तिला समजावताना माझा घसा दाटून आला होता. पाहून झालं की किट टाकून द्यायचं.

तर २३ तारीख उलटू दे. २४ला पाळी आली नसेल तर सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट कर. रात्री दोन-तीन तांबे पाणी पिऊन झोपू नकोस, लघवी पातळ होते. किटची मुदत पाहा. विकत घ्यायचं नसेल तर गावच्या आशाताईंकडे 'निश्चय' किट फुकट मिळतं, आणि त्या गावभर सांगत फिरत नाहीत. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आणखी पाच-सात दिवसांनी पुन्हा कर. आधीची उशीर झालेली पाळी ३६ दिवसांची होती, एखादा महिना तो ३८-३९चाही निघेल.

पाळी लवकर यावी किंवा पुढे जावी म्हणून कुणी गोळी दिली तर घेऊ नकोस. हे जरा जोर देऊन सांगते, कारण पुढे श्रावण आहे. कानबाई, आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी, घरी बसायची म्हटली की आमच्याकडे आठ दिवस आधीपासून बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला येतात. रोट, पूजा, घरात चाळीस माणसं, त्यात अडचण नको. त्यांची अडचण मला कळते, मीही याच मुलखातली आहे. पण मूल हवं असलेल्या बाईने त्या गोळ्या घेतल्या की त्या महिन्याचा सगळा हिशोब मोडतो, आणि आत गर्भ असू शकतो तेव्हा तर त्या घ्यायच्याच नाहीत. देवीला काय चालतं हे मी सांगणार नाही, गोळीने काय होतं ते सांगते.

सम-विषम दिवसांचं. सासूबाईंना माझ्याकडून नमस्कार सांग आणि हा परिच्छेद वाचून दाखव. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतं. त्यात एक्स गुणसूत्र असलं तर मुलगी, वाय असलं तर मुलगा. बाईच्या बीजात फक्त एक्सच असतं, तिच्या हातात काहीच नसतं. संबंध सम दिवशी आला की विषम, बीज सुटायच्या आधी की नंतर, डाव्या कुशीवर की उजव्या, यातल्या कशानेच फरक पडत नाही. मुलासाठी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काय घातलेलं असतं हे देणारालाही माहीत नसतं, आणि त्या घ्यायच्या असतात नेमक्या गर्भाचे अवयव घडत असतात तेव्हा. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. आपल्या खान्देशातला आकडा आहे हा. गर्भलिंग तपासणीला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, ती कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्या दारात पाऊल टाकू नकोस.

आता डॉक्टरकडे जावं का? पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर नियमित, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी, संबंध ठेवून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या करायच्या असा आमचा ठोकताळा आहे. पस्तिशीनंतर सहा महिने. लग्नाला तेरा महिने झाले हे बरोबर, पण त्यातले एकत्र किती दिवस गेले? महिन्यातून तीन-चार. या हिशोबाने तुमचं वर्ष अजून भरलेलंच नाही, आणि वांझोटेपणाचा शब्द कुणी काढला तर तो तू मनात घ्यायचा नाहीस. तरी तुझी एक पाळी ३६ दिवसांनी आली आहे, म्हणून थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन एवढं ग्रामीण रुग्णालयात तपासून घे. हनुवटीवर केस, मुरूम, वजन वाढणं असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

आणि तपासायचं तर दोघांनी. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, महिनोन्‌महिने गोळ्या, सगळं बाईचं झाल्यावर वर्षभराने नवऱ्याची साधी वीर्य तपासणी होते आणि दोष तिथे निघतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्याचा राग येतो. मूल न होण्यात निम्म्याच्या आसपास जोडप्यांमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं. ती तपासणी दोन ते सात दिवस संबंध न ठेवता लॅबमध्ये नमुना देऊन होते, सुई नाही की दुखणं नाही. तुझा नवरा कापड रंगवून सुकवायच्या खात्यात काम करतो असं लिहिलंस. त्या खात्यात बारा-बारा तास उकाड्यात उभं राहावं लागतं. अंडकोशाला सतत उष्णता मिळाली की शुक्रजंतू कमी होऊ शकतात. खातं बदलून मिळालं तर उत्तम. नाही तर निदान घट्ट कपडे टाळू दे, आणि तंबाखूची पुडी सोडू दे. एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आज केलेल्या बदलाचा फायदा सप्टेंबरच्या सुमारास दिसेल. हे त्याला दोषासारखं सांगू नकोस. तुमच्यासाठीच तर तो उधन्यात एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहतोय.

फॉलिक अॅसिडची गोळी मात्र आजपासून सुरू कर, टेस्टची वाट पाहू नकोस. रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. उपकेंद्रात विचार, सिस्टर सांगतील.

नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर पट्ट्यातल्या ज्या वाचक भगिनी भिल्ल, पावरा, कोकणा, मावची समाजातल्या आहेत त्यांनी याच वेळी नवरा-बायको दोघांची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्यावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

पपईचं तू विचारलंयस. तुमच्या बाजूला पपईचे मळेच मळे. पिकलेली पपई फोडभर खाल्ल्याने गर्भ पडत नाही. कच्च्या पपईचा चीक मात्र टाळ.

२४ला दोन रेघा आल्या तर आशाताईंकडे नाव नोंदव, बारा आठवड्यांच्या आत. आठवडे १८ मेपासून मोजतात, म्हणजे त्या दिवशी तू पाच आठवडे पूर्ण केलेली असशील, जरी गर्भ दोनच आठवड्यांचा असला तरी. या मोजणीने पुष्कळ घरांत नको त्या शंका येतात. मुलगा नंतर घरी आला आणि डॉक्टर त्याच्या आधीपासून धरतात, असं म्हणत एक सासू सुनेला घेऊन माझ्यासमोर बसली होती. सगळ्या बायकांचे आठवडे असेच, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. घरात हे आधीच सांगून ठेव.

पाळीच्या सुमारास एखादा फिका डाग दिसला तर घाबरू नकोस. पण दोन रेघा आल्यावर ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखायला लागलं, रक्त गेलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, खांद्याच्या टोकाला दुखलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात जा. गर्भ नळीत रुजला असेल तर नळी फुटते आणि आत रक्तस्राव होतो. १०८ला फोन कर. गॅस झालाय म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही.

आणि पाळी आली तर? समज २२ जूनला आली. रड, एक दिवस रड, मी नको म्हणणार नाही. मग वहीत ३५ हा आकडा लिही. कॅलेंडरवर लाल खुणा करू नकोस, ते सगळं घर वाचतं. पुढची पाळी २५ ते २८ जुलै. त्यातून चौदा वजा केले की ११ ते १४ जुलै, आणि त्याआधीचे पाच दिवस धरले की ६ जुलैपासून सुरुवात. म्हणजे आषाढी एकादशीपासून पुढचे आठ-नऊ दिवस. नवऱ्याला १२-१३चा शनिवार-रविवार आत्ताच सांगून ठेव आणि शक्य असेल तर १० तारखेपासूनच ये म्हण. नाही तर तूच आठ दिवस उधन्याला जा. सासूबाईंना सांग, डॉक्टरांनी सांगितलंय.